आधी उतरवण्याचा कागद

अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या मोठ्या घुमटावर काहीही चढवायचं ठरलं की पहिला कागद लिहायचा तो ते खाली कसं येणार याचा. तुकडे किती, कुठला बोल्ट आधी सोडायचा, कोणता तुकडा किती किलोचा, तो कुठे धरायचा आणि कुठे अजिबात धरायचा नाही. हा कागद वाचून एखादा अनोळखी माणूस दोन पान्यांनिशी दोन-तीन तासांत सगळं सोडवू शकेल अशी खात्री पटली की मगच लाकूड कापायला घ्यायचं. एमआयटीत ज्याला ‘हॅक’ म्हणतात त्याची सुरुवात इथून होते. लोकांना सकाळी घुमटावर दिसलेली गाडी आठवते, करणाऱ्यांना तिच्या सांगाड्यातले सांधे.

हॅक म्हटलं की आपल्याला संगणक आठवतो. इथे तो अर्थ नाही. रात्री छपरांवर आणि इमारतींना जोडणाऱ्या तळघरातल्या बोगद्यांत हिंडणं, आणि एखादी अचाट वस्तू अशक्य जागी कुणाला पत्ता न लागू देता उभी करणं, या दोन्हींना एमआयटीत हॅकच म्हणतात. त्याचे नियम पिढ्यान् पिढ्या सांगितले जातात. नुकसान करायचं नाही, चोरी करायची नाही, एकट्याने जायचं नाही, पिऊन जायचं नाही, खाली लक्ष ठेवणारा आपला माणूस उभा असल्याशिवाय वरून काही सोडायचं नाही, होतं तसं किंवा त्याहून बरं ठेवून यायचं. जोर लावून दार उघडणं हे ज्याला अक्कल चालवता येत नाही त्याचं काम. वाटेत काही मोडकं दिसलं तर संस्थेच्या दुरुस्ती विभागाला फोन करायचा. त्यांचा अंतर्गत नंबर बटणांवरच्या अक्षरांत वाचला तर ‘फिक्स इट’ असा होतो, त्यामुळे तो पाठ करावा लागत नाही. मध्यरात्री छपरावर गेलेल्या मुलांनी तिथे तुंबलेलं पाणी दिसल्याचं सकाळी कळवणं, हे या परंपरेत अगदी बसतं.

हे सगळं शिकवतं कोण? कुठल्याही अभ्यासक्रमात ते नाही. ते शिकवलं जातं वसतिगृहांच्या मजल्यांवर आणि फ्रॅटर्निटीच्या, म्हणजे मुलांनीच चालवलेल्या बंधुमंडळांच्या, घरांत. ईस्ट कॅम्पस या जुन्या वसतिगृहातल्या दोन मजल्यांनी तर स्वतःची काल्पनिक माणसं तयार केली. पाचव्या मजल्याचा जॅक फ्लोरी आणि तिसऱ्याचा जेम्स टेटाझू. कुणी विचारलं की काम यांनी केलं. खरं नाव कधीच द्यायचं नाही. 

फ्रॅटर्निटी म्हणजे काय, हे आपल्याकडे बहुतेकांना पडद्यावरच्या दारूच्या पार्ट्यांवरून माहीत असतं, म्हणून थोडं नीट सांगायला हवं. एमआयटीचा परिसर मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिजमध्ये, चार्ल्स नदीच्या एका काठाला. बरीचशी फ्रॅटर्निटी घरं पलीकडच्या काठाला, बॉस्टनच्या बॅक बे भागात. एकाला एक चिकटलेली, एकोणिसाव्या शतकातली चार-पाच मजली विटांची आणि तपकिरी दगडाची घरं. ही पदवीपूर्व मुलांची घरं. एमएस किंवा पीएचडीला गेलेल्या विद्यार्थ्याचा त्यांच्याशी फारसा संबंध येत नाही. घर चालवतात मुलंच. एक खजिनदार, एक घराची डागडुजी पाहणारा, एक स्वयंपाकघर सांभाळणारा, एक नव्या मुलांची भरती पाहणारा. वर माजी विद्यार्थ्यांचं मंडळ असतं, पण तळघरातलं बॉयलर बंद पडलं तर रात्री दोन वाजता खाली जाणारा माणूस वीस वर्षांचाच असतो.

सप्टेंबरच्या सुरुवातीला ‘रश’ असतो. काही दिवस प्रत्येक घर नव्या मुलांना जेवायला, फिरायला बोलावतं. मुलं घरं बघतात, घरं मुलांना बघतात. शेवटी ज्याला घ्यायचं त्याला ‘बिड’ मिळते, म्हणजे आमंत्रण. होकार दिला की तो ‘प्लेज’ होतो, हल्ली ‘नवा सदस्य’ म्हणतात. जुन्यांपैकी एक त्याचा ‘बिग ब्रदर’ होतो आणि पुढे दीक्षाविधी झाला की तो पूर्ण सदस्य. पण रशच्या आधी, ऑगस्टच्या शेवटी, घरोघरी ‘वर्क वीक’ असतो, आणि हॅकच्या नादी लागलेल्या आम्हा मंडळींच्या मते घराचं खरं शिक्षण तोच देतो. जुने सदस्य लवकर परत येतात आणि घर दुरुस्त करतात. लाकडी जमीन घासून पॉलिश करणं, निखळलेलं प्लास्टर भरणं, वाफेच्या रेडिएटरच्या झडपा बदलणं, छपरावरची पन्हाळ साफ करणं. शंभर वर्षांच्या घराची भिंत एकदा उघडली की आत पोकळी कुठे असते, आधार देणारं लाकूड किती अंतरावर असतं, खिळा कुठे धरतो आणि कुठे नुसता प्लास्टर फोडतो, हे हाताला कळतं. घुमटावर जे उभं राहतं त्यातलं निम्मं ज्ञान या आठवड्यातलं असतं.

या घरांची दुसरीही बाजू आहे. १९९७ साली एका फ्रॅटर्निटीतल्या पहिल्या वर्षाच्या मुलाचा अति दारू पाजली गेल्यामुळे मृत्यू झाला. त्यानंतर संस्थेने धोरण बदललं आणि २००२ पासून पहिल्या वर्षाच्या सगळ्या मुलांनी परिसरातल्या वसतिगृहातच राहायचं असा नियम आला. त्याआधी मुलं आल्या आल्या थेट फ्रॅटर्निटीत राहायला जात. मॅसॅच्युसेट्समध्ये हेझिंगविरोधी, म्हणजे आपल्या शब्दांत रॅगिंगविरोधी, कायदा १९८५ पासून आहे. तीन हजार डॉलरपर्यंत दंड आणि एक वर्षापर्यंत कैद. महाराष्ट्राने असा कायदा १९९९ मध्ये केला, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. कायदे दोन्हीकडे आहेत आणि दोन्हीकडे पालकांना घोर आहे. गंमत आणि छळ यांतला फरक ओळखायला आम्ही एकच प्रश्न विचारतो. उद्या सकाळी याची किंमत कोण मोजणार? मोजणारा पहिल्या वर्षाचा पोरगा असेल, सफाई करणारी बाई असेल, पहारेकरी असेल, तर बेत तिथेच रद्द. किंमत ज्यांनी बेत केला त्यांच्याच घामाने आणि खिशाने भागत असेल तरच पुढे बोलायचं.

‘स्मूट’ या मापाची गोष्ट बरोबर या सीमेवरची आहे. नदीवर हार्वर्ड ब्रिज नावाचा पूल आहे. नाव हार्वर्डचं, पण उतरतो एमआयटीच्या दाराशी. बोस्टनच्या बाजूच्या घरांतली मुलं रोज याच पुलावरून वर्गात जातात, आणि जानेवारीत नदीवरून येणारा वारा तोंडावर घेत चालताना पूल किती उरला हे कळत नाही. ऑक्टोबर १९५८ मध्ये लॅम्डा काय अल्फा या घराने आपल्या नव्या मुलांना काम दिलं. पूल मोजा, पण आपल्यातल्या एकाच्या उंचीत. त्यातला सगळ्यात बुटका ऑलिव्हर स्मूट, उंची ५ फूट ७ इंच. तो पुलाच्या पदपथावर आडवा झाला, डोक्यापाशी खूण केली, उठला, खुणेला पाय लावून पुन्हा आडवा झाला. उठून-पडून हात दुखायला लागल्यावर मित्रांनी त्याला उचलून पुढे ठेवायला सुरुवात केली. पुलाची लांबी भरली ३६४.४ स्मूट, अधिक-उणे एक कान.

हा ‘एक कान’ आमच्या लोकांना फार प्रिय आहे, कारण मापन शिकवायला याहून चांगलं उदाहरण नाही. हिशोब करून पाहा. दर खुणेला एक सेंटिमीटर इकडे-तिकडे अशी आंधळी चूक होत असेल तर ३६४ मापांत ती ३६४ च्या वर्गमुळाने वाढते, म्हणजे जेमतेम १९ सेंटिमीटर. पण चूक एकाच दिशेची असेल, समजा दर वेळी टाच खुणेच्या एक सेंटिमीटर पुढेच टेकली, तर ती सरळ जमा होत जाते आणि शेवटी साडेतीन मीटरच्या वर जाते. कान सहा सेंटिमीटरचा धरला तर एका दिशेची चूक दर मापाला मिलिमीटरच्या सहाव्या हिस्स्याएवढीही परवडत नाही. पहिल्या वर्षाच्या मुलाला हे फळ्यावर सांगून समजतं तेवढंच, पुलावर खडू घेऊन उभं केलं की विसरत नाही.

खुणा अजूनही आहेत, दर दहा स्मूटला आकडा. अर्ध्यावर एमआयटीकडे बाण करून ‘नरकाची अर्धी वाट’ असं लिहिलेलं. घरातली नवी मुलं त्या पुन्हा रंगवतात. रंगवणं वाटतं तेवढं सोपं नाही. हिवाळ्यात बर्फ वितळायला टाकलेलं मीठ काँक्रीटच्या छिद्रांत बसलेलं असतं. तारेच्या ब्रशने घासून, धुऊन, पूर्ण वाळू दिलं नाही तर नवा रंग पापुद्र्यासारखा उठतो. हवा दहा अंश सेल्सियसच्या खाली असेल तर साधा पाण्याचा रंग नीट धरतच नाही, म्हणून ऑक्टोबरची उबदार दुपार गाठावी. आकड्याचा साचा खाली दाबून धरायला एक आणि रंग लावायला एक, असे दोघे लागतात. ब्रश कडक आणि जवळजवळ कोरडा हवा. ओढायचा नाही, वरून टोचायचा. ओढला की रंग साच्याखाली शिरतो आणि ३०० चा ८०० दिसतो.

या खुणांचं पुढे जे झालं त्याने आम्हा सगळ्यांना अभिमान वाटतो. केंब्रिजचे पोलीस पुलावरच्या अपघाताची जागा सांगायला स्मूटचे आकडे वापरू लागले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस पूल नव्याने बांधला तेव्हा पदपथाचे काँक्रीटचे भाग नेहमीच्या सहा फुटांऐवजी ५ फूट ७ इंचांचे पाडले. आणि तो आडवा झालेला मुलगा पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेचा आणि मग आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचा, म्हणजे आयएसओचा, अध्यक्ष झाला.

आता घुमट. इमारत क्रमांक १० वरचा मोठा घुमट, उंची सुमारे १५० फूट, खाली अभियांत्रिकीचं ग्रंथालय. नदीपलीकडून, पुलावरून, सगळीकडून दिसतो. ९ मे १९९४ च्या सकाळी त्यावर पोलिसांची गाडी उभी होती. छपरावरचे दिवे लुकलुकत होते. आत पोलिसाचा पुतळा, त्याच्याजवळ डोनटचा खोका. गाडीचा क्रमांक गणितातला ‘पाय’ (π), नंबरप्लेटवर एमआयटीच्या मुलांचं जुनं, अनौपचारिक ब्रीद आय-एच-टी-एफ-पी (‘मला या जागेचा तिटकारा आहे’ अशा अर्थाच्या शिवराळ इंग्रजी वाक्याची आद्याक्षरं), आणि काचेला बेकायदा पार्किंगची पावती. खालून पाहणाऱ्याला वाटत होतं की अख्खी गाडी उचलून ठेवली. प्रत्यक्षात ती शेव्हर्ले कॅव्हेलियरची फक्त बाहेरची पत्र्याची कातडी होती. इंजिन नाही, चासी नाही. आतला सांगाडा लाकडाचा, सुट्या तुकड्यांचा, आणि तो रातोरात वर जोडलेला.

इथे सगळं येतं ते तुकडा किती मोठा करायचा यावर. तुकडा जितका मोठा तितके सांधे कमी आणि वरचं काम कमी, पण तो दारातून, जिन्याच्या वळणातून, झडपेतून जायला हवा. म्हणून आधी सगळ्या वाटेवरची सगळ्यात अरुंद जागा मोजतात. फक्त रुंदी मोजून चालत नाही, वळणावर कर्ण मोजावा लागतो. दोन मीटरची फळी ऐंशी सेंटिमीटरच्या दारातून जाते आणि पुढच्या जिन्याच्या कोपऱ्यात अडकते, हे दर काही वर्षांनी कुणीतरी नव्याने शिकतंच. त्यावर उपाय म्हणजे त्याच मापाची हलकी पुठ्ठ्याची पेटी करून ती दिवसाढवळ्या एकदा वाटेवरून नेऊन पाहणं. वजनाचा नियम सोपा आहे. दोन माणसांनी न बोलता, न धापता जिना चढता येईल इतकंच, म्हणजे साधारण वीस-पंचवीस किलो.

खिळा कुठेच नाही. लाकडाच्या सांध्याला आरपार बोल्ट, दोन्हीकडे मोठे वॉशर, आणि शक्य तिथे पंखाचा नट, जो हातमोज्यातल्या बोटांनी फिरतो. सगळे बोल्ट एकाच मापाचे ठेवायचे, चार ठिकाणी गरजेपेक्षा जाड झाले तरी चालतील. दोन मापं ठेवली की अंधारात नेमका चुकीचा बोल्ट हाताला लागतो. प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकच अक्षर आणि आकडा, तेही रंगाने न लिहिता चिकटपट्टीवर लिहून, म्हणजे उतरवताना वाचता येतो आणि नंतर निघतो. उभारणीचा सराव तीनदा करायचा. एकदा उजेडात, एकदा तळघरातले दिवे घालवून डोक्यावरच्या लाल टॉर्चवर, आणि एकदा फक्त सोडवण्याचा, घड्याळ लावून, ज्याने बांधलेलं नाही त्याच्याकडून. तिसऱ्या सरावात कागदातल्या चुका सापडतात. लिहिणाऱ्याने ‘डावीकडचा’ लिहिलेलं असतं आणि वाचणारा समोरून उभा असतो. म्हणून कागदावर डावं-उजवं नको. ‘नदीकडचा’ आणि ‘ग्रंथालयाकडचा’ लिहावं.

वाऱ्याचा हिशोब कुणी टाळू नये. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ५४ किलोमीटरच्या वाऱ्यात सपाट पृष्ठावर दर चौरस मीटरला सुमारे १४ किलोचा रेटा येतो. चार मीटर लांब आणि सव्वा मीटर उंच बाजू म्हणजे पाच चौरस मीटर, म्हणजे ७० किलो. वारा दुप्पट झाला की २८०. आणि हे आकाराचा गुणक न धरता. पोकळ पत्र्याची गाडी एवढ्यात सहज सरकते, आणि दीडशे फुटांवरून सरकलेली गाडी कुणाच्या डोक्यावर येईल ते सांगता येत नाही. छपराला भोक पाडायचं नाही हा नियम, त्यामुळे खुंट्या नाहीत. वजन टाकायचं तर वाळूच्या लहान पिशव्या, आधीच हिशोबात धरलेल्या. दोरीने बांधायचं तर इमारतीच्या भक्कम भागाला, आणि जिथे दोरी दगडाच्या कडेवरून वळते तिथे जुन्या गालिच्याचा तुकडा. त्याने दोरीही वाचते आणि चुनखडीच्या दगडावर काळा ओरखडाही उठत नाही. हवामानाचा अंदाज संध्याकाळी एकदा आणि निघण्याआधी एकदा पाहायचा. झोत ठरवलेल्या आकड्याच्या वर असेल तर बेत पुढे ढकलायचा. चार महिने खपलेल्या लोकांना हे फार जड जातं, म्हणून हा निर्णय आधीच एकाच्या हाती दिलेला असतो आणि त्याच्याशी वाद घालायचा नाही.

वर ओढायच्या वस्तूला दोन दोऱ्या लागतात. एक ओढायची, दुसरी खालून धरलेली, वस्तू भिंतीवर आपटू नये म्हणून. ओढायची दोरी ताणली न जाणारी हवी. गिर्यारोहणाची लवचीक दोरी लावली तर वीस किलोचं ओझं स्प्रिंगसारखं नाचतं. कप्पी वापरली तर श्रम वाचतात पण दोरी दुप्पट-तिप्पट लागते, आणि अंधारात ढीगभर दोरी म्हणजे गुंता. आमचं मत असं की तुकडे हलके ठेवावेत आणि कप्पी टाळावी.

विजेचं काम वेगळंच शास्त्र आहे. २० नोव्हेंबर १९८२, हार्वर्डच्या मैदानावर हार्वर्ड विरुद्ध येल फुटबॉलचा सामना. खेळ चालू असताना ४६ यार्डाच्या रेषेजवळ जमिनीतून एक काळा फुगा वर आला, फुगत गेला. त्यावर सगळीकडे ‘एमआयटी’ लिहिलेलं. मग तो फुटला. हे डेल्टा कप्पा एप्सिलॉन या एमआयटीच्या फ्रॅटर्निटीचं काम. हवामानाचा फुगा, त्यात हवा भरायला व्हॅक्युम क्लीनरची मोटर, आणि हे सगळं हिरवळीखाली पुरलेलं. त्यासाठी मुलं कित्येक रात्री मैदानात जाऊन आली. वीज आणली ती स्टेडियममधल्याच एका न वापरल्या जाणाऱ्या सर्किटवरून, पुरलेल्या वायरीतून. बॅटरी जमिनीत गाडली असती तर नोव्हेंबरच्या थंडीत तिचा जोर किती टिकला असता याची खात्री नव्हती. शून्याखाली साध्या बॅटरीची ताकद निम्म्यावरही येऊ शकते. सामना हार्वर्डने ४५–७ असा जिंकला, पण लोकांच्या लक्षात फुगाच राहिला.

त्याआधी, १९४८ मध्ये, याच मैदानात स्फोटक दोरी पुरून गवतावर अक्षरं जाळायचा बेत झाला होता. तो वायरी सापडल्यामुळे फसला, आणि फसला हे बरं झालं. स्फोटक, आग, प्रेक्षकांची गर्दी, यांतलं काहीही असेल तर तो हॅक होत नाही. हल्लीच्या काळात आणखी एक काळजी घ्यावी लागते. वायरी बाहेर लोंबणारा, टिकटिक करणारा अनोळखी डबा कुठेही ठेवायचा नाही. इलेक्ट्रॉनिक भाग पारदर्शक डब्यात, आत काय आहे हे बाहेरून वाचता येईल असं लिहून. नाहीतर सकाळी शेकडो लोकांना इमारतीबाहेर काढावं लागतं.

विजेच्या कामात सगळ्यात देखणं म्हणजे एप्रिल २०१२ मधला ग्रीन बिल्डिंगवरचा टेट्रिस, म्हणजे वरून पडणारे ठोकळे रचायचा संगणकावरचा खेळ. उंच इमारत, तिच्या एका बाजूच्या खिडक्या आडव्या ९, उभ्या १७, मिळून १५३. प्रत्येक खिडकीत रंग बदलणारा एलईडी दिवा, सगळे बिनतारी. खाली मैदानात बटणं लावलेला खांब, कुणीही यावं आणि खेळावं. दुसऱ्या पातळीला रंग फिके होत, तिसरीला आणखी गोंधळ, आणि हरलात की सगळे ठोकळे इमारतीच्या तळाशी कोसळत. लोक दिवे पाहतात. आम्हाला दिसतात त्या १५३ खोल्या, ज्यांतल्या बऱ्याच कुणाच्या तरी कचेऱ्या आणि प्रयोगशाळा आहेत. एक दिवा मेला तर चित्रात भोक. सुटे दिवे बरोबर हवेत, आणि कुठला दिवा कुठल्या खिडकीचा याचा पत्ता दिव्यावरच लिहिलेला हवा, कारण बदलायला जाणारा मुलगा चौदाव्या मजल्यावर उभं राहून खाली फोन करून विचारू शकत नाही.

कागदांच्या बळावर केलेलं कामही आहे. मार्च २००६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या प्रतिस्पर्धी संस्थेच्या फ्लेमिंग हाऊस या वसतिगृहाची जुनी तोफ, सुमारे १.७ टनांची, हलवून देशाच्या या टोकाला आणली गेली. बनावट वाहतूक कंपनी, तिचे कपडे, कामाचा आदेश दाखवणारे कागद, आणि पहारेकऱ्यांनी वाट करून दिली. एप्रिलमध्ये ती एमआयटीत प्रकटली, नळीवर एमआयटीच्या पदवीच्या अंगठीची सोनेरी, अवाढव्य प्रतिकृती घालून, तोंड कॅलटेकच्या गावाकडे, पासादेनाकडे. काही दिवसांत कॅलटेकची मुलं येऊन तोफ घेऊन गेली आणि तिच्या जागी खेळण्यातली छोटी तोफ ठेवून गेली. काम अफाट होतं. तरी दुसऱ्याची वस्तू नेणं आणि पहारेकऱ्याला खोटा कागद दाखवणं आमच्यातल्या बऱ्याच जणांना खटकतं. आदेशाचा कागद पाहून फाटक उघडणाऱ्या माणसाला नंतर वरिष्ठांपुढे उभं राहावं लागतं. परतीची वाट मोकळी ठेवली होती आणि तोफेला ओरखडा नव्हता, एवढ्यावर ते तरलं.

आणि खुद्द ती रात्र? ती बहुतेक वेळा कंटाळवाणी असते, आणि तशीच असायला हवी. चार गट, वाहणारे, जोडणारे, खाली उभे राहणारे आणि नुसते पाहणारे. पाहणाऱ्यांचं काम सगळ्यात अवघड, कारण त्यांनी थंडीत चार तास काहीच करायचं नसतं. प्रत्येक हत्याराला मनगटाला बांधायची दोरी. वर नेलेल्या प्रत्येक वस्तूची यादी, आणि खाली येताना तीच यादी उलट वाचायची. ४८ बोल्ट नेले, ४४ लागले, तर ४ पिशवीत दिसायलाच हवेत. तीन दिसले तर चौथा सापडेपर्यंत कुणी खाली जात नाही, मग उजाडायला लागलं तरी. घुमटाच्या पन्हाळीत राहिलेला एक बोल्ट पावसात तोटी तुंबवतो आणि ग्रंथालयाच्या छतातून पाणी उतरतं.

सकाळी फोटो निघतात, बातम्या होतात, आणि मग सुविधा विभागाची माणसं येतात. हॅक खाली उतरवणारे हे लोक आम्हाला करणाऱ्यांइतकेच जवळचे वाटतात. १७ मे १९९९ ला घुमट कापडाने मढवून त्याचा ‘स्टार वॉर्स’ सिनेमातला आर-टू-डी-टू रोबो केला होता, तेव्हाही कापड कसं काढावं याच्या तपशीलवार सूचना ठेवल्या होत्या. पत्र ‘साम्राज्याच्या सेवकांना’ उद्देशून, खाली सही ‘बंडखोर टोळी’. मायना कितीही गमतीचा असो, मजकूर मात्र अचूक लागतो. कुठली दोरी आधी सोडली तर कापड कुठल्या बाजूला घसरेल, कुठल्या तुकड्याला दोन माणसं हवीत, काच कुठे आहे, कुठे पाय देऊ नये. पोलिसांची ती गाडी अशीच काही तासांत उतरली आणि आता स्टाटा सेंटर या एमआयटीतल्या इमारतीत मांडून ठेवलेली आहे. सुटी होणारी होती म्हणूनच ती पुन्हा जोडता आली.

तर तो पहिला कागद. स्वच्छ अक्षरात, आकृती काढून, दोन प्रती. एक प्लास्टिकच्या पिशवीत घालून वस्तूच्या त्या बाजूला चिकटवायची जिकडून माणसं वर येणार, साधारण डोळ्यांच्या उंचीला. त्याच पिशवीत योग्य मापाचा एक पाना ठेवायचा. पावसाचा अंदाज असेल तर दोन पिशव्या, एकात एक, आणि तोंड खाली करून.